ब्लॉग लिहायचाय, पण कशावर? विषय आणि नीश ठरवण्याची एक रीत

होस्टिंग (म्हणजे साइट ठेवायची जागा), थीम, लोगो, मेन्यूचे रंग हे सगळं एका शनिवार-रविवारात उरकतं. सोमवारी 'नवीन पोस्ट'वर क्लिक केलं की घोडं अडतं. कशावर लिहायचं?

माझं तसं अडलं नव्हतं, आणि तिथेच चुकलं. पहिल्या ब्लॉगवर मी सुचेल ते लिहीत गेलो. दोन कविता, एका चित्रपटावर तावातावाने लिहिलेलं काहीतरी, मोबाइलची बॅटरी कशी वाचवावी, पहाटे उठण्याचे फायदे (मी स्वतः तेव्हा नऊला उठायचो). एक ना धड, भाराभर चिंध्या. चार महिन्यांनी आकडे उघडून बघितले, तर शोधून आलेले जवळजवळ सगळे वाचक एकाच पोस्टवर उतरत होते. ती मी वैतागून वीस मिनिटांत खरडली होती. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढला, तरी प्रिंटर 'कागद अडकलाय' असंच म्हणत राहतो, तेव्हा काय करायचं? कागद ओढताना त्याचा नखाएवढा तुकडा आत राहतो, सेन्सरच्या बारीक पट्टीला टेकतो आणि प्रिंटरला वाटतं कागद अजून तिथेच आहे. टॉर्च मारून तो तुकडा चिमट्याने कसा काढला, एवढंच त्यात होतं.

मला रागच आला होता. कवितांकडे कुणी फिरकेना आणि प्रिंटरपाशी गर्दी! त्या पोस्टमध्ये असं काय होतं, हे उमगायला पुढे जवळपास वर्ष गेलं. ती लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर एक माणूस होता: प्रिंटरपुढे उभा, उशीर झालेला, चिडलेला. खरं तर तो मीच होतो. बाकीच्या पोस्टी लिहिताना समोर कुणीच नव्हतं.

पुढे सांगतोय ती सगळी रीत या माणसाला शोधण्याची आहे. तो सापडला की विषय आपोआप आवळत येतो.

विषय वेगळा, नीश वेगळी

छायाचित्रण, शिवणकाम, सायकल, परीक्षेचा अभ्यास हे विषय. त्यातला जो तुकडा तुम्ही आपला म्हणून धरता, ती नीश. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ भिंतीतला कोनाडा. पुढे प्राणिशास्त्रज्ञ जोसेफ ग्रिनेल यांनी १९१७ साली कॅलिफोर्नियातल्या थ्रॅशर पक्ष्याबद्दल लिहिताना हा शब्द वापरला: हा पक्षी कुठल्या झुडपांत राहतो, कशावर जगतो, धोका दिसला की कुठे दडतो, या सगळ्यांतून ठरणारी त्याची जागा. ब्लॉगवाल्यांना मी हा दुसरा अर्थ सुचवतो. कोनाडा म्हटलं की लोक 'रिकामी जागा' शोधत बसतात, आणि कित्येक कोनाडे रिकामे असतात ते तिथे कुणाला यायचंच नसतं म्हणून. पक्ष्याची जागा मात्र त्याच्या रोजच्या जगण्याने ठरते. तुमचीही तशीच ठरावी.

अरुंद नीशवर आयुष्यभर पुरेल एवढं लिहायला मिळतं का, ही भीती सगळ्यांनाच असते. अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय, फक्त तेवढं एकच न्यायालय, एवढ्यावर टॉम गोल्डस्टीन आणि एमी हाउ या दोघांनी २००२ साली 'स्कोटसब्लॉग' सुरू केला. २०१३ साली त्याला प्रसारमाध्यमांतला मानाचा पीबॉडी पुरस्कार मिळाला. फिल अस्की यांनी १९९८ साली 'डिजिटल फोटोग्राफी रिव्ह्यू' काढलं तेव्हा बहुतेक लोक फिल्मवरच फोटो काढत होते; डिजिटल कॅमेरा ही तेव्हा बारकीशी नीश होती. २००७ साली ॲमेझॉनने ती साइट विकत घेतली. या दोन्ही ठिकाणी विषय पुरला नाही असं झालं नाही.

आधी तीन याद्या

कागद-पेन घ्या. मोबाइल दूर ठेवा, कारण नाहीतर तुम्ही 'सर्वाधिक कमाईचे विषय' असलं काहीतरी शोधायला लागाल आणि तिथून सगळेच जण एकाच दिशेने पळतात.

पहिली यादी: गेल्या वर्षभरात लोकांनी तुम्हाला काय काय विचारलं. फोनवर, ऑफिसात, नातेवाइकांच्या ग्रुपवर. 'तुला यातलं कळतं ना, जरा सांग' असं म्हणून जे जे विचारलं ते सगळं. ही यादी सगळ्यांत मोलाची, कारण ती तुम्ही केलेली नसते, दुसऱ्यांनी केलेली असते.

दुसरी यादी: गेल्या दोन वर्षांत तुम्ही काय धडपडत शिकलात. मुद्दाम दोनच वर्षं म्हणतोय. वीस वर्षांपूर्वी शिकलेल्या गोष्टीत नवख्याचं नेमकं कुठे अडतं हे आपण विसरून गेलेलो असतो. नुकताच शिकलेला माणूस तज्ज्ञ नसतो, पण पाय कुठे घसरतो ते त्याला अजून आठवत असतं.

तिसरी यादी: कुणी न सांगता, काही मिळत नसताना तुम्ही कशाच्या खोलात जाता. कुणाला रेल्वेची वेळापत्रकं वाचायला आवडतात, कुणी टायपिंगच्या कीबोर्डचे भाग सुटे करून जोडत बसतो. यात लाजण्यासारखं काही नाही.

एका दिवसात याद्या पूर्ण होत नाहीत, आठवडाभर त्या खिशात ठेवा. मग बघा, कुठली गोष्ट दोन याद्यांत आलीय. तिन्हींत काही आलं तर उत्तमच, पण तसं फार क्वचित होतं आणि त्याच्यासाठी अडून बसू नये.

'आवड असेल त्यावरच लिहा' हा सल्ला तुम्ही शंभर ठिकाणी वाचला असेल. मला तो अर्धाच पटतो. मला गाणं ऐकायला आवडतं, पण त्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. नुसती आवड घेऊन बसलं की नव्याचे नऊ दिवस. आवडीसोबत हाताने काहीतरी केलेलं असावं लागतं.

आवळत कसं जायचं

माझ्या एका मैत्रिणीला ब्लॉग काढायचा होता. 'शिवणकामावर लिहीन' म्हणाली.

'शिवणकाम म्हणजे काय काय?' मी विचारलं.

'सगळंच. कपडे, पिशव्या, भरतकाम. विणकामही थोडं येतं.'

'गेल्या महिन्यात तुला कुणी काय विचारलं?'

तिने आठवून बघितलं. 'दोघींनी एकच विचारलं. घरात जुनी मशीन होती, ती काढून बसल्या, तर कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतो म्हणे.'

'मग तू काय सांगितलंस?'

'मी उलट विचारलं, दोरा ओवताना मशीनचा पाय वर होता की खाली?'

मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून तिने मशीन उघडून दाखवली. पाय म्हणजे कापड दाबून धरणारा धातूचा तुकडा. तो खाली असला की वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्या मिटलेल्या असतात. अशा वेळी दोरा ओवला तर तो चकत्यांच्या मध्ये शिरतच नाही, बाहेरूनच निघून जातो. मग वरच्या दोऱ्याला ताण राहत नाही, तो खाली ओढला जातो आणि पुंजका होतो. गुंता खाली दिसतो म्हणून सगळ्याजणी बॉबिनशी, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाशी, झटापट करतात. चूक असते वर. पाय वर करून दोरा पुन्हा ओवला की बहुतेक वेळा काम भागतं.

हे सांगताना तिचा चेहरा बघण्यासारखा होता. 'शिवणकामावर लिहीन' म्हणताना असलं काही त्यात नव्हतं.

मग आम्ही पायऱ्या उतरत गेलो. शिवणकाम: फार मोठं. घरगुती शिलाई मशीन: अजून मोठंच. वापरलेली किंवा घरात पडून असलेली जुनी मशीन: आता काहीतरी दिसायला लागलं. अशी मशीन घेऊन पहिल्यांदाच बसलेली, आजूबाजूला विचारायला कुणी नसलेली व्यक्ती: इथे माणूस दिसला. आम्ही थांबलो.

आवळायचे रस्ते साधारण चार. वाचक कोण (नवखा, पालक, एकटा राहणारा, साठीनंतर शिकणारा), तो कुठल्या टप्प्यावर आहे (विकत घेण्याआधी, पहिला आठवडा, अडल्यावर), त्याची अडचण कशातून येते (जागा कमी, वेळ कमी, जुनं साधन), आणि तुमची पद्धत काय (मोजून बघणारी, चित्रांनी दाखवणारी, दोन वस्तू शेजारी ठेवून तपासणारी). यातले दोन रस्ते एकत्र आले की बहुधा पुरतं. चारही लावले तर वाचक म्हणून तुम्ही एकटेच उराल.

आता एक वाक्य लिहा: 'अमुक माणसाचं अमुक करताना अमुक ठिकाणी अडतं, आणि ते मी स्वतः सोडवलेलं आहे.' पहिल्या जागी 'सगळे' किंवा 'तरुण पिढी' आलं असेल, तर अजून एक पायरी उतरा. शेवटचा भाग लिहिताना पेन अडखळलं, तर ती नीश सध्या तुमची नाही.

चाळीस शीर्षकं

हा सगळ्यांत कंटाळवाणा भाग आहे आणि मी तो कुणालाच टाळू देत नाही. त्या एका वाक्याखाली चाळीस शीर्षकं लिहा. नेटवर न बघता. 'माहिती', 'महत्त्व', 'फायदे' हे तीन शब्द बाद.

पहिली दहा भरभर येतात. पंधराच्या आसपास गाडी थांबते. खरी परीक्षा तिथून पुढे, कारण पंधरापर्यंतची शीर्षकं कुणालाही सुचतात. त्यापुढची सुचतात ती ज्याने ते काम केलंय त्याला. मैत्रिणीच्या वहीतली काही अशी होती:

दोरा ओवताना पाय वर का हवा
सुईच्या पाकिटावर ९०/१४ लिहिलंय, ते काय
नवी सुई लावली आणि टाके सुटायला लागले: सुई उलटी बसलीय का
ताणणाऱ्या कापडाला बोथट टोकाची सुई का लागते
जीन्सची जाड घडी आली की सुई मोडते
बॉबिन दिसायला तशीच, पण बसत नाही
तेल कुठे द्यायचं आणि कुठे अजिबात नाही
वापरलेली मशीन घेण्याआधी दहा मिनिटांत काय तपासावं

दुसरंच शीर्षक घ्या. ९० म्हणजे सुईच्या दांड्याची जाडी, ०.९० मिलिमीटर, १४ हा त्याच जाडीचा दुसऱ्या पद्धतीतला क्रमांक. जीन्ससाठी १००/१६ची सुई घ्या असं सगळे सांगतात, पण हे आकडे कसले, ते फारसं कुणी सांगत नाही. ते सांगितलं की वाचक पुढच्या वेळी पाकीट स्वतः निवडतो. असं लिहिण्यासारखं तुमच्या यादीत काय आहे?

चाळीसपैकी पंचवीसच झाली तर? नीश आवळताना एक पायरी जास्त उतरलात, एक पायरी वर या. ऐंशी झाली आणि त्यांचा एकमेकांशी संबंधच नाही? मग अजून खाली उतरायचंय.

लोक हे शोधतात का

आता मोबाइल जवळ घ्या. खाजगी खिडकीत, म्हणजे इन्कॉग्निटोत, शोधाची चौकट उघडा आणि तुमच्या विषयाचे दोन शब्द टाइप करून थांबा. खाली उतरणाऱ्या सूचना इतरांच्या शोधांवरून येतात. शब्दामागे 'का', 'कसं', 'होत नाही', 'की' टाकून बघा. 'का' आणि 'होत नाही' यांच्या मागे अडलेला माणूस असतो, 'की'च्या मागे दोन गोष्टींत निवड करणारा. निकालांच्या मध्ये 'लोक हेही विचारतात' अशी चौकट येते, तिच्यातले प्रश्न वहीत उतरवा. एक प्रश्न उघडला की खाली आणखी येतात.

इथे शब्दांकडे नीट लक्ष द्या. तुम्ही 'शिवणयंत्र' लिहाल, लोक 'शिलाई मशीन' शोधतील. जाणकार 'वरच्या दोऱ्याचा ताण' म्हणेल, अडलेला माणूस 'दोरा गोळा होतो' असं टाइप करेल, कारण त्याला ताण हा प्रकारच माहीत नाही. शीर्षकात त्याचे शब्द ठेवा, तुमचे शब्द पहिल्या परिच्छेदात येऊ द्या.

एखादा शब्द कधी कमी-जास्त शोधला गेला ते दाखवणारं गूगल ट्रेंड्स २००६ पासून आहे आणि फुकट आहे, पण नवखे लोक ते चुकीचं वाचतात. तिथला ० ते १०० हा आकडा शोधांची संख्या नव्हे. निवडलेल्या काळात आणि प्रदेशात एकूण शोधांत त्या शब्दाचा वाटा जेव्हा सगळ्यांत जास्त होता तो क्षण १०० धरून बाकी सगळं त्याच्या प्रमाणात दाखवतात. म्हणजे १०० दिसलं म्हणून हुरळून जायचं नाही, आणि रेघ सपाट आहे म्हणून हिरमुसायचंही नाही. मी तर सपाट रेघेलाच प्राधान्य देतो. पाच वर्षांचा काळ लावा: एकदाच उंच जाऊन कोसळलेली रेघ म्हणजे फॅड, दरवर्षी ठरावीक महिन्यांत चढणारी म्हणजे हंगाम, आणि कंटाळवाणी सपाट म्हणजे वर्षभर कुणाचं तरी अडतंय. साधारण संख्या हवी असेल तर गूगल ॲड्सचा कीवर्ड प्लॅनर आहे. जाहिरात चालू नसेल तर तो ढोबळ टप्पे दाखवतो. सुरुवातीला तेवढ्याने भागतं.

समोर कोण उभं आहे

चाळीसपैकी दहा शीर्षकं एकेक करून शोधा आणि पहिलं पान डोळ्यांनी बघा. टूलचे 'स्पर्धा: कमी' असले शिक्के नंतर. पहिल्या पानावर कुणा अनोळखी माणसाने चर्चागटात पाच वर्षांपूर्वी दिलेलं उत्तर दिसलं, तर समजा नीट लेख कुणी लिहिलेलाच नाही. लेख आहेत, पण सगळ्यांत तेच पाच मुद्दे त्याच क्रमाने आणि विकतच्या साठ्यातले फोटो आहेत, तरीही जागा आहे. याउलट एखाद्याने स्वतः काढलेल्या फोटोंसह, चुका दाखवत, व्यवस्थित लिहिलं असेल, तर त्या शीर्षकापुरतं त्याला हात जोडा आणि पुढच्याकडे वळा.

दहाही शीर्षकांवर काहीच सापडलं नाही, तर आनंदाने उड्या मारण्याआधी मागचा भाग पुन्हा करा. कदाचित कुणी विचारतच नसेल.

काही विषयांपासून सुरुवातीला लांब

आजार, औषधं, गुंतवणूक, कर्ज, कायदेशीर कटकटी. यांत चूक झाली तर वाचकाचं खरंच नुकसान होतं. शोधनिकालांचा दर्जा तपासण्यासाठी गूगल माणसं नेमतं. त्यांच्या मार्गदर्शिकेत अशा विषयांना 'तुमचा पैसा किंवा तुमचं आयुष्य' असं वेगळं नाव आहे आणि कसोटी कडक आहे. हे तपासनीस एखाद्या पानाचा क्रमांक थेट वरखाली करत नाहीत, पण शोधाला काय चांगलं वाटावं हे त्यातून दिसतं. तुम्ही त्या क्षेत्रातले शिकलेले असाल तर जरूर लिहा. नसाल तर फक्त स्वतःचा अनुभव लिहा आणि तो अनुभव आहे, सल्ला नाही, हे पहिल्याच ओळीत सांगा.

त्याच मार्गदर्शिकेत डिसेंबर २०२२ मध्ये कौशल्य, अधिकार आणि विश्वासार्हता यांच्या जोडीला 'अनुभव' हा चौथा निकष आला. नवख्यासाठी ही चांगली बातमी. अधिकार एका वर्षात येत नाही, अनुभव तुमच्याकडे आजही असू शकतो. लेखकांनी स्वतःला विचारावेत म्हणून गूगलने जे प्रश्न दिलेत, त्यांत साइटला एक मुख्य उद्देश आहे का, आणि काहीतरी चालेल या आशेने अनेक विषयांवर भाराभर लिहिताय का, असेही आहेत. माझा पहिला ब्लॉग दोन्हींत नापास.

पैशाचं काय

मिळू शकतात. पण नीश निवडताना पैसा हा पहिला प्रश्न ठेवला की माणूस भलत्याच ठिकाणी जातो, हे मी बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहिलंय. हा प्रश्न पाचवा ठेवा. तुमचा वाचक अडचण सोडवण्यासाठी काही विकत घेतो का, एवढंच बघा. घेत असेल तर अॅफिलिएट दुवे जमतात, म्हणजे तुमच्या दुव्यावरून कुणी वस्तू घेतली की तुम्हाला थोडं कमिशन मिळतं. ॲमेझॉनने तो रस्ता १९९६ मध्येच धरला. 'वायरकटर' ही साइट २०११ साली वस्तूंची कसून तपासणी करून त्यातली एक सुचवायची, एवढ्या कल्पनेवर उभी राहिली आणि २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ती घेतली. वाचक काही विकत घेत नसेल, तर शिकवणी, सल्ला, छोटी पुस्तिका असं काही विकता येईल का ते बघा. राहिल्या नुसत्या जाहिराती. साइटवर जाहिराती दाखवून त्याचे पैसे देणारं गूगलचं अॅडसेन्स २००३ पासून आहे, पण त्यावर पोट चालायला वाचक फार लागतात. अरुंद नीशमध्ये ते गणित सहसा जुळत नाही.

यंत्र उत्तर देत असताना

मे २०२४ पासून गूगलने अमेरिकेत निकालांच्या वर यंत्राने, म्हणजे एआयने, तयार केलेला गोषवारा दाखवायला सुरुवात केली, नंतर तो इतरत्रही पसरला. 'बॉबिन म्हणजे काय' हे विचारणारा आता खाली येईलच असं नाही. म्हणून चाळीस शीर्षकांसमोर एक खूण करा: याचं उत्तर चार ओळींत मावतं का? मावत असेल तर ती पोस्ट लिहा हवी तर, पण तिच्यावर ब्लॉग उभा करू नका. 'बॉबिन दिसायला तशीच, पण बसत नाही' याला फोटो लागतात, दोन बॉबिन शेजारी ठेवून मोजलेली उंची लागते, 'मी ही जबरदस्तीने बसवली आणि मग काय झालं' हे लागतं. खुणा न झालेली शीर्षकं निम्म्याहून अधिक असतील तर नीशमध्ये दम आहे.

डोमेन घेण्याआधी पाच पोस्टी

इथे माझं मत बहुतेकांच्या विरुद्ध आहे. आधी लिहा, मग नाव (डोमेन, म्हणजे साइटचा स्वतःचा पत्ता) घ्या. ब्लॉगर किंवा वर्डप्रेस या सेवांच्या फुकटच्या जागेवर, किंवा साध्या कागदावर, पाच पोस्टी पूर्ण करा. मुद्दाम वेगवेगळ्या निवडा: एक अडचण सोडवणारी, एक दोन गोष्टींची तुलना, एक स्वतःच्या चुकीची, एक अगदी नवख्यासाठी, आणि एक अशी जी लिहायला तुम्हाला भीती वाटते.

तीन आठवडे द्या, आणि पोस्टींपेक्षा स्वतःकडे बघा. कुठली पुढे ढकलत राहिलात? कुठली रात्री उशिरापर्यंत बसून संपवलीत? लिहिता लिहिता कुठे कशाकडे वळलात? माझ्या मैत्रिणीच्या पाचही पोस्टींत पहिले दोन परिच्छेद मशीन कुठून आली, तिला काय काय झालं होतं यावरच जात होते. तिला दुरुस्ती शिकवण्याइतकंच जुन्या मशीनचा इतिहास सांगायलाही आवडतं, हे तिला तिथे कळलं. मग आम्ही तिच्या वाक्यात 'घरात पडून असलेली' हे शब्द पुढे आणले.

त्या पाच पोस्टी प्रत्यक्ष त्या वाचकासारख्या एकाला वाचायला द्या. 'कशी वाटली?' असं विचारलंत तर 'छान' ऐकायला मिळेल, त्याचा उपयोग शून्य. 'वाचून तू नेमकं काय केलंस?' असं विचारा.

नाव

नाव नीशपेक्षा थोडं सैल शिवा. मैत्रिणीच्या नावात 'टाका' आहे, 'मशीन' नाही. उद्या ती हाताने रफू शिकवायला लागली तरी नाव आडवं येणार नाही. नावात साल, मॉडेल किंवा कंपनीचं नाव घालू नका. शेवटच्या गोष्टीत ट्रेडमार्कचीही कटकट असते. फोनवर एकदा सांगून समोरच्याला ते टाइप करता आलं पाहिजे. मधे आडवी रेघ, अंक किंवा दोनदा येणारं अक्षर असेल तर येत नाही, माझ्यावर विश्वास ठेवा.

चालू झाल्यावर, आणि चुकलं तर

पहिल्याच दिवशी गूगल सर्च कन्सोल जोडा. तुमची पानं कुठल्या शब्दांसाठी दिसली आणि त्यातल्या किती वेळा उघडली गेली, हे ते सोळा महिन्यांपर्यंत मागे जाऊन दाखवतं. नव्या ब्लॉगला पहिले काही महिने जवळपास शांतता असते; तेव्हा क्लिक मोजून नीश बदलायची घाई करू नका, 'दिसली' हा रकाना वाचा. लोक ज्या शब्दांनी तुमच्यापर्यंत येऊ पाहतायत पण ज्यावर तुम्ही लिहिलेलंच नाही, ते शब्द तिथे सापडतात. पुढची दहा शीर्षकं त्यांतून काढा.

पंचवीस-तीस पोस्टींनंतरही एकच कोपरा वाचला जात असेल, तर त्या कोपऱ्याकडे सरका. मी शेवटी तेच केलं. कविता उतरवून वहीत ठेवल्या, प्रिंटरची पोस्ट ठेवली, आणि तिच्या आजूबाजूला घरात-ऑफिसात रोज बिघडणाऱ्या साध्या यंत्रांवर लिहायला लागलो. सरकताना दोन गोष्टी सांभाळा. वाचल्या जाणाऱ्या पोस्टचा पत्ता बदलू नका, आणि बदलावाच लागला तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर ३०१ प्रकारचं कायमचं पुनर्निर्देशन लावा, म्हणजे जुन्या दुव्यांवरून येणारा माणूस रिकाम्या पानावर आदळत नाही. आणि जी पोस्ट आता बसत नाही, ती रागाच्या भरात उडवण्याआधी महिनाभर नुसती मेन्यूतून काढून बघा. माझी बॅटरीची पोस्ट मी तशीच काढली होती. तीन आठवड्यांनी एकाचा ईमेल आला: ती कुठे गेली, त्यातल्या तिसऱ्या मुद्द्याने त्याचा जुना फोन अजून चालतोय.